नाटकाचे तिकीट आणि परतीची गाडी

नाटक स्वस्त की महाग हे तिकीटबारीवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो बहुतांशी खराही आहे. पण ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील रसिकांनी पिढ्यानपिढ्या मुंबईस जाऊन नाटके पाहिली, आणि त्यांचा हिशेब नेहमीच थोडा निराळा राहिला. खुर्चीची किंमत ही त्या हिशेबातील पहिली रक्कम. जाण्याचे भाडे ही दुसरी. आणि तिसरी, जी कोणत्याही जाहिरातीत छापली जात नाही, ती म्हणजे रात्री अपरात्री घरी परतण्याची किंमत. पहिली रक्कम कमी करण्याचे उपाय पुष्कळ निघाले. तिसरी मात्र सव्वाशे वर्षे कोणालाही फारशी कमी करता आली नाही, आणि तिचा भार घरातील सर्व माणसांवर सारखा पडला नाही.

या कथेचा आरंभ १८५३ सालच्या वसंतात होतो. त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला होता. त्याला सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. दरबारच्या खेळाला तिकीट नसते. तेथे बोलावणे असते. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि भाव्यांच्या मंडळीला आपल्या पोटाची सोय आपणच पाहणे भाग पडले. राजाश्रय सुटल्यावर लोकाश्रय शोधावा लागला, आणि लोकाश्रयाचे रोकड रूप म्हणजे तिकीट. मंडळी मुंबईस आली आणि ९ मार्च १८५३ रोजी ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिने खेळ केला. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली उभे राहिलेले हे नाटकगृह विलायती धर्तीचे होते. खेळाची जाहिरात वर्तमानपत्रांत आली, आणि प्रेक्षकांनी पैसे मोजून आपापल्या दर्जाच्या जागा घेतल्या.

आज यात नवल वाटत नाही. पण त्या काळच्या मराठी माणसाला ही रीत अगदी नवी होती. कीर्तन, लळित, दशावतार हे देवळात किंवा अंगणात होत. कीर्तनाच्या शेवटी आरतीचे ताट फिरे, आणि त्यात पैसा टाकावयाचा तो कथा ऐकून झाल्यावर व मनाला येईल तेवढा. तिकिटाच्या खेळात मात्र पैसा पडदा उघडण्यापूर्वी द्यावयाचा, ठरलेला द्यावयाचा, आणि जो कमी देईल त्याने मागे बसावयाचे. देवळाच्या सभामंडपात पुढे कोण बसणार हे जातीने आणि मानाने ठरत असे. नाटकगृहात ते प्रथमच खिशाने ठरू लागले. यात नुकसान किती आणि सुधारणा किती याचा निवाडा सोपा नाही.

भाव्यांच्या त्या खेळानंतर बरोबर अडतीस दिवसांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस मैलांचे अंतर. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा मार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. तोपर्यंत ठाण्याहून मुंबईस जावयाचे तर खाडीतून होडीने किंवा खुष्कीने बैलगाडीने जावे लागे, आणि जाण्यातच दिवस मोडे. तिकीट लावून होणारे मराठी नाटक आणि तिकीट काढून बसावयाची आगगाडी ही दोन्ही एकाच वसंतात मुंबईस अवतरली, हा योगायोग मोठा मौजेचा खरा. ठाणे-कल्याणच्या माणसाला पुढे दीडशे वर्षे ही दोन तिकिटे एकाच मुठीत धरावी लागली.

आगगाडी आली तरी नाटक दाराशी आले असे झाले नाही. नाटकगृहे एकवटली ती ग्रँट रोडच्या आसपास. व्हिक्टोरिया, बालीवाला ही नावे जुन्या नाट्यरसिकांच्या आठवणींतून सारखी डोकावतात. ग्रँट रोड हे स्थानक मात्र बी. बी. अँड सी. आय. कंपनीच्या पश्चिमेकडील मार्गावर, आणि ठाण्या-कल्याणाची गाडी जी. आय. पी. कंपनीची. म्हणजे भायखळ्यास उतरावयाचे आणि तेथून पायी चालत सुटावयाचे. ट्रामचे पैसे वाचले तर ते पानपट्टीला उपयोगी पडत.

आता ज्याला आपण अडचण म्हणू अशी एक गोष्ट त्या काळात सोयीची होती. नाटके रात्रभर चालत. नऊ-साडेनऊला घंटा व्हावी, नांदी व्हावी, आणि मग एकेका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्स मोअर घेत भरतवाक्यापर्यंत पोहोचेतो कोंबडा आरवण्याची वेळ यावी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले, तेव्हापासून संगीत नाटकाचा हा रात्रीचा संसार पुढे अर्धे शतक टिकला. शहरातील प्रेक्षक डोळे चोळीत घरी जाई. बाहेरगावचा प्रेक्षक पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट धरी. त्याला धर्मशाळा शोधावी लागत नसे, नातलगाच्या खोलीत अवेळी दार ठोठावावे लागत नसे. नाटकाच्या तिकिटातच जणू रात्रीच्या आसऱ्याची सोय झालेली असे. दुसऱ्या दिवशी कचेरीत पेंग येई, ही गोष्ट निराळी.

आणि त्याचे तिकीट बहुधा पिटाचे असे. पिट म्हणजे खुर्च्यांच्या मागची, बाकांची, सर्वांत स्वस्त जागा. ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्द पुढे टीकाकारांनी फार तुच्छतेने वापरला. पाचकळ विनोद आला की तो पिटासाठी, नायिकेने आणखी एक ताना घेतला की तोही पिटासाठी! वस्तुतः पिटाने नाटक कंपन्यांना जगविले. पुढच्या दोन रांगांत आश्रयदाते, सरकारी अधिकारी आणि वर्तमानपत्रवाले बसत. यांतील कित्येकांच्या हातात फुकट पास असे. बाकावर बसणारा मात्र रोख पैसे मोजून आलेला असे. शिवाय संगीत नाटक हे स्वस्त जागेला फार उदार होते. मागच्या बाकावरून नटाच्या डोळ्यांतील भाव दिसत नाहीत, पण भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांच्या तालमीत तयार झालेला गळा पुढच्या खुर्चीला जेवढा ऐकू येतो तेवढाच मागच्या बाकालाही येतो. ध्वनिवर्धक नसतानाच्या त्या काळात नटाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवावाच लागे. महागड्या आणि स्वस्त तिकिटांमधील अंतर इतके कमी पुढे कधीच राहिले नाही.

याच्या जोडीला रेल्वेचा महिन्याचा पास आला. कचेरीसाठी रोज मुंबईस जाणाऱ्या कारकुनाच्या खिशात तो असेच. नोकरीसाठी काढलेल्या त्या पासावर नाटकाचा प्रवास फुकट होई. संध्याकाळी कचेरी सुटली की खानावळीत दोन घास खावे आणि परस्पर नाटकगृह गाठावे. जाण्याचा खर्च शून्य, येण्याचा शून्य, उरले पिटाचे तिकीट. ठाणे-कल्याणच्या मध्यमवर्गाने मराठी नाटक पाहिले ते मुख्यतः या पासाच्या जोरावर.

पण पास एकट्याचा होता. घरातील बाईला मुंबईस नोकरी नव्हती, म्हणून तिच्याजवळ पास नव्हता. तिला न्यावयाचे तर जाण्यायेण्याची दोन तिकिटे आली, तिच्याबरोबर मुले आली, त्यांची अर्धी तिकिटे आली. आणि रात्रभराचे जागरण करून पहाटेच्या गाडीने परतणे हे लहान मूल कडेवर घेतलेल्या बाईला कसे झेपावे? बालगंधर्वांच्या साड्यांची, नथीची, अंबाड्याची नक्कल मुंबई-पुण्याच्या घराघरांत झाली, असे कौतुकाने सांगितले जाते. नाटकगृहात स्त्रियांसाठी निराळ्या जागाही राखलेल्या असत. परंतु वीस-तीस मैलांवरच्या गावातील कित्येक घरांत ती साडी प्रथम आली ती पुरुषांनी येऊन केलेल्या वर्णनातून. स्वस्त तिकीट होते. ते घरातील एकाच माणसाला उपयोगी पडण्यासारखे होते.

काही रात्री अशाही आल्या, की स्वस्त जागेचा प्रश्नच उरला नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला नाटकगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी केला. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट ठेवले होते, तरी नाटकगृह तुडुंब भरले. ज्या नाटकाची पदे पिटाने डोक्यावर घेतली, त्याच्या सर्वांत गाजलेल्या रात्री पिटातला प्रेक्षक बाहेर राहिला. कार्य मोठे होते, म्हणून त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.

कुरकुर करणे हा लंडनच्या प्रेक्षकाचा बाणा. तेथे अठराव्या शतकात तिसरा अंक संपल्यावर अर्ध्या दरात आत सोडण्याची वहिवाट होती. दिवसभर दुकानात राबणाऱ्या माणसाला लवकर येणे शक्य नसे, त्याची ही सोय. १७६३ साली ती काढून घेण्याचा विचार दिसताच लोकांनी ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन्ही नाटकगृहांत बाकडी मोडली, झुंबरे फोडली आणि आपली वहिवाट राखली. पुढे १८०९ मध्ये जळालेले कॉव्हेंट गार्डन नव्याने बांधल्यावर चालकांनी पिटाचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार केला. तेव्हा ‘जुना दर, जुना दर’ असा घोष करीत प्रेक्षकांनी साठाहून अधिक रात्री एकही प्रयोग सुखाने होऊ दिला नाही. अखेर जॉन केंबलसारख्या नामवंत नटाला आणि चालकाला माघार घ्यावी लागली व पिटाचा दर पूर्ववत झाला. त्याहूनही मागे गेले तर अथेन्समध्ये गरीब नागरिकाला नाटकाच्या प्रवेशासाठी सरकारी निधीतून दोन ओबोल मिळत; ही प्रथा पेरिक्लीसने पाडली असे प्लुटार्क सांगतो. मराठी प्रेक्षकाने दंगा केला नाही आणि सरकारने त्याला ओबोलही दिले नाहीत. उलट १९२३ साली मुंबई सरकारने करमणूक कराचा कायदा केला आणि तिकिटावर सरकारचा हिस्सा बसविला. मराठी नाटकांना या करातून सवलत मिळाली ती पुढे.

करापेक्षा मोठा घाला पडला तो बोलपटाचा. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. काही आण्यांची तिकिटे बाहेर रुपयांनी विकली गेली, असे सांगतात. तिकिटांच्या काळ्या बाजाराची ही मुंबईतील नांदीच म्हणावयाची. बोलपट दोन-अडीच तासांत संपे, दिवसातून अनेकदा लागे, आणि त्याला नटांची मंडळी पोसावी लागत नसे. नाटकगृहांच्या मालकांनी पाहता पाहता पांढरे पडदे लावले. उरलेल्या नाटकगृहांची भाडी चढली, आणि भाडे चढले की तिकीट चढते.

मग नाटकानेच आपला देह आटोपशीर केला. नाट्यमन्वंतर या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने १९४१ पासून ‘आशीर्वाद’, ‘कुलवधू’ अशी तीन तासांत आटोपणारी, मोजक्या पात्रांची नाटके केली. पदे थोडी, देखावे थोडे, वन्स मोअरला आळा. नाट्येतिहासात या बदलाचे श्रेय नव्या विचारांना दिले जाते व ते योग्यच आहे. पण कल्याणच्या प्रेक्षकाला या बदलाचा अनुभव वेगळ्याच ठिकाणी आला. रात्रभराचे नाटक त्याला पहाटेच्या गाडीच्या हवाली करी. तीन तासांचे नाटक त्याला शेवटच्या गाडीच्या हवाली करू लागले. १९२० च्या दशकात या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या होत्या, पारसिकच्या डोंगरातून १९१६ पासूनच बोगदा झाला होता, अंतर पूर्वीपेक्षा लवकर कापले जाई. तरी शेवटची गाडी ती शेवटचीच. साडेआठला सुरू व्हावयाचे नाटक प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाने नऊला सुरू झाले, की पिटातील ठाणेकर घड्याळ पाहू लागे. तिसऱ्या अंकात, नायकाचा डोळा उघडण्याच्या ऐन वेळी, मागच्या रांगांत चपलांची कुजबुज सुरू होई आणि माणसे ओणवी होऊन बाहेर पडत.

लंडनचा गरीब प्रेक्षक तीन अंक सोडून अर्धे पैसे देई. कल्याणचा प्रेक्षक पुरे पैसे देऊन शेवटचा अंक सोडी. शेवट काय झाला, हे दुसऱ्या दिवशी कचेरीत गिरगावच्या सोबत्याला विचारावयाचे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे नाटक स्वस्त करण्याचे जे प्रयत्न मुंबईत झाले, त्यांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांची योग्यता निराळी दिसू लागते. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेरावांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव केला, आणि पुढे वर्षानुवर्षे नाट्यमहोत्सव भरविले. उघड्या मैदानावर रंगमंच उभारला की नाटकगृहाचे भाडे वाचते, हजारो माणसे बसतात आणि एका तिकिटाचा भार हलका होतो. मरणासन्न म्हटल्या जाणाऱ्या रंगभूमीला त्या महोत्सवांनी प्रेक्षक परत मिळवून दिला, यात शंका नाही. परंतु संघाची जागा गिरगावातील केळेवाडीत, चर्नी रोड स्थानकाजवळ. म्हणजे पुन्हा पश्चिमेचा मार्ग आणि पुन्हा तीच पायपीट.

याच्या उलट परळचे दामोदर नाट्यगृह. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात उभारलेल्या या सभागृहाचा दरवाजा १९२२ मध्ये उघडला. येथे कामगारांनी कामगारांसाठी नाटके केली. दिवसा मागावर उभा राहिलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावी आणि त्याच्या चाळीतील माणसे तिकिटे काढून त्याला पाहावयास येत. हे नाट्यगृह मध्य रेल्वेच्या परळ स्थानकापासून जवळ. आणि १९६५ साली दादरला शिवाजी मंदिर झाले, तेव्हा तर दोन्ही रेल्वेमार्ग जेथे भेटतात तेथेच मराठी नाटकाचे मुख्य पीठ आले. दादरचा हा महिमा साहित्यिक कारणांनी जितका वाढला तितकाच स्थानकामुळेही वाढला. खेळ संपल्यावर पुलावरून उतरावे आणि कल्याणची गाडी धरावी! तिसरा अंक सोडण्याची पाळी येईनाशी झाली असे नाही, पण विरळ झाली.

त्याच दादरला आणखी एक रीत रुजली. १९६० साली सुरू झालेल्या रंगायनने सभासद-वर्गणीची पद्धत अवलंबिली होती: वर्षाची वर्गणी एकदा भरावी आणि संस्थेची नाटके पाहावी. पुढे आविष्कारने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी चालविलेल्या त्या जिन्यावरच्या सभागृहात मखमली खुर्च्या नव्हत्या, वातानुकूलन नव्हते, म्हणून तिकीटही थोडक्यात निघे. स्थानकाच्या दारात असलेल्या त्या शाळेत लोकलने आलेली कितीतरी तरुण मंडळी नवे नाटक पाहून गेली. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धा १९५४ पासून होत आल्या आहेत. त्यांचे तिकीट अगदी अलीकडेपर्यंत दहा-पंधरा रुपयांच्या घरात होते, चहाच्या पेल्याइतके. इतके स्वस्त तिकीट असूनही तेथे खुर्च्या रिकाम्या राहतात हे पाहिले, म्हणजे स्वस्ताई हा प्रेक्षक मिळविण्याचा एकमेव उपाय नव्हे हे ध्यानात येते.

दरम्यान एक मोठे स्थलांतर चालले होते. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीकडे सरकत होता. मुलाचे लग्न झाले, एका खोलीत दोन बिऱ्हाडे मावेनात, आणि भाड्याच्या जागेची पागडी परवडेना, की माणूस मध्य रेल्वेने पुढे पुढे जाई. शिवाजी टर्मिनसपासून ठाणे चौतीस किलोमीटर, डोंबिवली अठ्ठेचाळीस, कल्याण चौपन्न. ज्या मंडळींनी आयुष्यभर चालत जाऊन नाटके पाहिली, त्यांच्यात आणि नाटकगृहात आता सव्वा तासाचा प्रवास आला. नाटकाचा प्रेक्षक गावाबाहेर गेला आणि नाटक गावातच राहिले.

ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली राम गणेश गडकरी रंगायतन सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर. नाव समर्पक होते. किर्लोस्कर मंडळीत मुलांचा मास्तर म्हणून वावरलेला हा नाटककार मागच्या बाकांची नाडी पुरती ओळखून होता; त्याच्या विनोदाने पिट गडगडून हसला आणि त्याच्या ‘एकच प्याला’ने तोच पिट ढसढसा रडला. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले, ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आले. पुढे कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे नाट्यमंदिर आणि ठाण्यातच डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह अशी पालिकांची नाट्यगृहे झाली.

ही नाट्यगृहे नगरपालिका वा महापालिकांनी बांधली, ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. गावाच्या करातून इमारत उभी राहते, तिचा सारा खर्च भाड्यातून निघावा असा आग्रह नसतो, म्हणून निर्मात्याला ती परवडते. अथेन्सच्या दोन ओबोलांचा हा मराठी अवतार म्हणता येईल. फरक एवढाच, की येथे पैसे प्रेक्षकाच्या हातात न पडता भिंतींत आणि खुर्च्यांत पडले. पण खरी स्वस्ताई झाली ती परतीच्या प्रवासात. दुपारी साडेचारचा प्रयोग पाहून रात्री आठच्या आत घरी पोळ्या लाटता येतात, हे ज्या दिवशी डोंबिवलीतील गृहिणीच्या लक्षात आले, त्या दिवशी मराठी नाटकाला एक नवा प्रेक्षकवर्ग मिळाला. सासूबाईंना गुडघे दुखतात म्हणून मागे ठेवावे लागेना. नातवाला बरोबर नेता येऊ लागले. पासवाल्या पुरुषाने येऊन वर्णन करावयाचे आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे, ही पद्धत मोडली. आज व्यावसायिक निर्माता आपल्या नाटकाच्या तारखा लावताना गडकरी, अत्रे, फुले ही नावे शिवाजी मंदिराच्या बरोबरीने धरतो. कित्येक नाटकांचा तोटा भरून निघतो तो याच बाजूच्या शनिवार-रविवारी. २०१६ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन ठाण्यास भरले आणि ‘वस्त्रहरण’चे कर्ते गंगाराम गवाणकर त्याचे अध्यक्ष झाले, हे या बदलास धरूनच होते.

तिकिटाचा दर मात्र या काळात चढतच गेला. आज व्यावसायिक नाटकाच्या पुढच्या रांगांना तीनशेपासून पाचशे रुपये पडतात. या पाचशेलाही एक कारण आहे. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा नाटकाच्या तिकिटाला अडीचशे रुपयांपर्यंत माफी होती. २०१८ च्या जानेवारीत ती मर्यादा पाचशेपर्यंत वाढविली. पाचशेच्या वर एक रुपया गेला की तिकिटावर कर लागतो, म्हणून पुष्कळ नाटके त्या रेषेपाशी येऊन थांबतात. १९२३ च्या कायद्याप्रमाणे येथेही खुर्चीची किंमत ठरविण्यात सरकारचा हात आहे. या वेळी तो प्रेक्षकाला थोडा सोयीचा पडला आहे. चौघांच्या कुटुंबाला मात्र दीड-दोन हजार रुपये लागतातच, आणि बाल्कनीची मागची रांग ही अजूनही विद्यार्थ्यांची आणि निवृत्तांची जागा आहे. तीत बसून संगीत नाटकाच्या काळाइतके ऐकू येत नाही, ही तक्रार जुनी मंडळी करतात आणि तिच्यात तथ्य आहे. ध्वनिवर्धक आल्यापासून मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची जबाबदारी नटावर राहिलेली नाही.

परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली नव्या इमारतीसाठी बंद झाले. त्यानंतर गिरणगावच्या हौशी मंडळींना प्रयोगासाठी जागा शोधीत फिरावे लागले. एकेकाळी ठाणे-कल्याणच्या प्रेक्षकाला जी वणवण करावी लागे, ती आता परळच्या माणसाच्या वाट्यास आली.

आणि ठाण्यातही हिशेब पुरता मिटलेला नाही. गडकरी रंगायतन स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे; घाणेकर नाट्यगृह पोखरण रस्त्याच्या बाजूस, स्थानकापासून चार-पाच किलोमीटर दूर. रात्रीचा प्रयोग साडेअकराच्या सुमारास सुटतो, माणसे एकदम रस्त्यावर येतात, आणि डोंबिवली-कल्याणहून आलेला प्रेक्षक रिक्षावाल्याला स्थानकापर्यंतचे भाडे विचारू लागतो.